दोन्ही टोकांनी बंद पाइप

परदेशात मासे पकडायला विमानानं जायचं असेल, तर माझा पहिला सल्ला असा की नवरा बरोबर नेऊ नये. बाकीचे सल्ले मागाहून. गळ हातातल्या बॅगेत ठेवू नका, बूट धुऊन वाळवून घ्या, खायच्या वस्तू नेऊ नका आणि नेल्याच तर विचारायच्या आधी सांगून टाका, हे काय, कुणीही सांगेल. आमच्या अमितनं ते सगळं मला फोनवर सांगितलं, मी ते नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचे हे म्हणजे किशोर मंडलिक. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर यांचा हात इतका पक्का की साहेब लोक अवघड काम आलं की यांनाच शोधत यायचे. घरात मात्र या माणसाकडून एक सरळ वाक्य काढायचं तर माझ्या नाकी नऊ यायचे. 'हं' या एका अक्षरावर यांनी सगळा संसार केला. भाजी कशी झाली? हं. घराचे हप्ते भरले का? हं. मुलगी बघायला आले होते तेव्हाही हंच म्हणाले असणार, आमच्या घरच्यांनी त्याचा अर्थ होकार असा लावला.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हे पहाटे उठून, अंघोळ करून, पिशवी घेऊन निघाले. मला वाटलं, सोमेश्वराला चालले, चांगलं धार्मिक स्थळ मिळालं. संध्याकाळी आले ते चिखलानं भरलेले बूट आणि पिशवीत तीन मासे घेऊन. ते साफ कुणी करायचे, हा प्रश्न यांना तेव्हाही पडला नाही आणि नंतरही कधी पडला नाही. गंगापूर धरणाच्या फुगवट्याला एक खडक आहे, तो यांचा. सोबतीला गोरक्ष नावाचा मित्र, त्याचा तिकडंच फुलांचा मळा. दर रविवारी दोघं तिथं बसायचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून. आठवडाभर धरणाच्या फायली बघायच्या आणि रविवारी धरणातले मासे घासायचे.

अमित आठ-नऊ वर्षांचा झाला, तसा तोही यांच्या स्कूटरवर पुढं उभा राहून जायला लागला. यांनी त्याच्यासाठी एक मोडकी काठी कापून लहान केली, तिला लेथवर स्वतः चकरी करून बसवली आणि मुठीला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली. पोराला ती इतकी आवडायची की शाळेत न्यायचं तेवढं बाकी होतं. एकदा मी कौतुकानं डबा घेऊन दोघांबरोबर गेले. अख्खी दुपार बापलेक शेजारी शेजारी बसले होते. त्या दुपारभरात बाप म्हणाला, "दोरी सैल सोड," आणि पोरगा म्हणाला, "हं." एवढंच. मला वेड लागायची पाळी आली. पण घरी येताना अमितचा चेहरा असा काही उजळलेला होता की मी गप्प बसले. संध्याकाळी पिशवी घेऊन धडाधड जिना चढत यायचा, तेव्हाही तोच चेहरा असायचा.

पुढं तो इंजिनिअर झाला आणि २००३ साली त्याला न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये नोकरी लागली. यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, हं. जायचा दिवस नेमका रविवार. सकाळी उठून बघते तर हे नाहीत, स्कूटर नाही, पिशवी नाही. मला वाटलं, गाडी निघायच्या आत येतील. मुंबईला न्यायला गाडी आली, सामान भरलं, शेजारच्या वत्सलाबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं. अमित रस्त्याकडं बघत उभा. "बाबा?" त्यानं विचारलं. "येतील रे," मी म्हटलं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. आले नाहीत.

त्याला विमानात बसवून मी घरी परत आले, तर भिंतीच्या खिळ्यावरची लाल टेपची काठी गायब. विचारलं, तर म्हणे, "माळ्यावर टाकली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगा सातासमुद्रापार गेला आणि हा माणूस पाण्यात गळ टाकून बसला होता! मी आठवडाभर यांच्याशी अबोला धरला. यांना ते कळायलाच चार दिवस लागले.

त्यानंतर सुरू झाले ते फोनचे रविवार. दर रविवारी अमितचा फोन. चुकून यांनी उचललाच, तर, "हॅलो. बरा आहेस? हं. घे, आईशी बोल." आणि रिसीव्हर असा माझ्या हातात, जणू चटका बसतोय. तिकडचं नाणंही याच टांकसाळीतलं. "बाबा बरे आहेत ना?" "इथंच बसलेत, विचार त्यांना." "नको, असू दे. तू सांग." मग मी यांना सांगायचं, अमित म्हणतोय तिकडं थंडी पडली. हे मला सांगणार, त्याला म्हणावं टोपी घाल. मी पुन्हा त्याला सांगायचं, बाबा म्हणतात टोपी घाल. आमच्या ऑफिसातल्या टेलिफोन ऑपरेटरला निदान जेवणाची सुट्टी तरी होती.

बाबा त्या दिवशी का आले नाहीत, हे अमितनं कधी विचारलं नाही. यांनी कधी सांगितलं नाही. ते जे काही होतं ते दोघांनी माझ्या वाटेत मधोमध आणून ठेवलं होतं आणि मी ते तीन वर्षं ओलांडत होते. मला खरी भीती एकच वाटायची. उद्या मी नसले तर हे दोघं एकमेकांशी बोलणार कसे? रविवारी फोन वाजेल, कुणी उचलणार नाही, आणि संपलं.

म्हणून २००६च्या पावसाळ्यात अमित सहज म्हणाला, "आई, मी इथं मासे पकडायला जातो हल्ली, बाबांना सांग," तेव्हा मी ते वाक्य घट्ट धरलं. तुम्ही या, असं तो म्हणाला नव्हता. मीही येऊ का, असं हे म्हणाले नव्हते. ठरवलं मी. दोघांना एका काठावर नेऊन बसवायचं आणि मी मध्ये राहायचं नाही. तेवढ्यासाठी जानेवारीची तिकिटं काढली.

मग सुरू झाली सूचनांची वाहतूक. अमित म्हणाला, तिकडं परदेशी माती, बी, पाणी काहीच आत येऊ देत नाहीत, बूट आणि जाळी स्वच्छ धुऊन आणा. मी सांगितलं. हे म्हणाले, "धुतलेल्या जाळीला मासा येत नाही." आता यांच्याशी काय बोलायचं? हे कामावर गेल्यावर मी ती जाळी, ते बूट, पिशवी, सगळं सोड्याच्या पाण्यात भिजवलं, ब्रशनं घासलं आणि गच्चीवर उन्हात टाकलं. संध्याकाळी हे दारातच थबकले. "वास गेला," म्हणाले. एखाद्या जवळच्या माणसाची बातमी सांगावी तसं म्हणाले. जेवले मात्र पोटभर.

मग गोरक्ष. त्याला यांचा चारा बनवायचा मान. शेंगदाण्याची पेंड भाजून, कुटून, त्यात हिंग, बडीशेप आणि आणखी काय काय घालून तो जे तयार करतो, त्याच्या वासानं आमच्या कॉलनीतली मांजरंही बाजूला होतात. त्याची कणकेत मळून गोळी करायची आणि गळाला लावायची. तो थैली घेऊनच आला.

"वयनी, तिकडच्या माशानं असं कधी खाल्लंच नसंल. लय नवं लागंल त्याला. पळत येतो का नाय बघा."

"गोरक्षभाऊ, तिकडं खायचं काही नेऊ देत नाहीत. दंड करतात."

"मानसाचं नसतील नेऊ देत. हे माशाचं हाय."

"कुणाचंही नाही चालत."

"पाव्हन्यानं हात हालवत जायचं का मंग?" तो यांच्याकडं बघून म्हणाला. "कसली ती लोकं म्हनायची."

हे म्हणाले, हं. मी ती थैली गोरक्षच्या हातात परत दिली आणि त्याला जिन्यापर्यंत सोडून आले. माझ्या मते विषय संपला. वत्सलाबाईंचा चिवडा आणि लसणाची चटणीही मी अशीच परत केली होती, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

राहिल्या काठ्या. अमित म्हणाला, काठ्या विमानात मोडतात, प्लास्टिकच्या जाड पाइपात घालून आणा. एवढा एकच सल्ला यांना मनापासून पटला. हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याच्या लाइनीचा पाइप आणला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचा कापला, दोन टोकांना टोपणं बसवली. रविवारी हे तो गोरक्षकडं घेऊन गेले आणि येताना बंद करून आणला. टोपण मी फिरवून बघितलं, हललं नाही. म्हटलं, यांचं काम पक्कंच असणार. यांनी पाइपावर टिचकी मारली आणि त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलले, "पाण्यात टाकला तरी थेंब आत जाणार नाही."

पाइप पाण्यात कुणाला टाकायचा होता?

मुंबईला तपासणीच्या यंत्रात तो पाइप गेला, पडद्यावर काठ्या दिसल्या, "क्या है?" विचारलं, "मछली पकडने का," हे म्हणाले आणि पाइप पुढं गेला. विमानात उतरण्याआधी भरायचे कागद आले. यांचाही मीच भरला. मासेमारीचं सामान? आहे. वापरलेले बूट? आहेत. "खायच्या वस्तू? काही नाही ना?" मी विचारलं. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याला खायचं काही नाही." मी 'नाही' वर खूण केली. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी फक्त शेवटचा शब्द ऐकला.

ऑकलंडच्या विमानतळावर माझी बॅग बघून मला पुढं जायला सांगितलं आणि यांना पाइपासकट दुसऱ्या रांगेत नेलं. मी म्हटलं, माझे मिस्टर आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही. तिथल्या माणसानं हसून बाहेरचं दार दाखवलं. दार मागं लागलं आणि आतून बाहेर येता येतं, बाहेरून आत जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. समोर अमित उभा. दाढी वाढलेली, थोडा जाड झालेला. मी त्याला धरून रडले आणि मग लगेच म्हटलं, "अरे, बाबांना आत धरलंय."

आम्ही त्या दारासमोर उभे राहिलो. आमच्या विमानातले सगळे बाहेर आले. पुढच्या विमानातलेही यायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर काय काय येत होतं ते सांगत नाही. इतक्या लांब आणलं, आणि आता यांना परत पाठवलं तर? मुलाचं तोंड न बघताच? आणि एवढं सगळं 'हं'वर निभावायला तिकडचे लोक म्हणजे काय मी आहे?

इतक्यात अमितचा फोन वाजला. कागदावर त्याचा नंबर मीच लिहिला होता. तो इंग्रजीत थोडं बोलला, मग थांबला, मग म्हणाला, "बाबा?"

"दे इकडं," मी हात पुढं केला, "मी बोलते." त्यानं मान हलवून मला थांबवलं.

"बाबा, ते विचारताहेत पाइप उघडत का नाही... सोल्युशन लावलंत? दोन्हीकडून?" त्यानं कपाळावर हात मारला. आता पाण्याचे पाइप जोडायचं सोल्युशन लावल्यावर ते टोपण ब्रह्मदेवालाही निघत नाही, हे टर्नर माणसाला मी सांगायचं का? पण अमित हसायला लागला होता. "बरं, आणि काठ्यांच्या मध्ये पिशवी दिसतेय त्यांना. ती कसली?... काय? गोरक्षकाकांची पेंड?"

मी तिथल्या बाकावर बसले. म्हणजे थैली जिन्यावरून खाली गेली होती ती गोरक्षच्या मळ्यावर पुन्हा यांच्या हातात आली होती. आणि वास येऊ नये म्हणून पाइप असा बंद केला होता.

"हिंग आहे त्यात? बडीशेप पण?" अमित विचारत होता. "नाही बाबा, माशाचं असलं तरी ते खाणंच झालं... हो, तुमचं बरोबर आहे, आपण नाही खात ते, पण इथला कायदा तसा आहे. ती फेकून द्यावी लागेल... असू दे हो. आपण इथं नवी मळू. मला आठवतंय सगळं. मी करतो." त्याचा चेहरा जिना चढत येतानाचा झाला होता. मी तो किती वर्षांनी बघत होते.

"आता ते पाइप कापणार आहेत बाबा. करवत आणलीय त्यांनी."

मग तो नुसता ऐकत राहिला. तिकडून हे बोलत होते. हे, म्हणजे किशोर मंडलिक, फोनवर बोलत होते, आणि थांबत नव्हते. अमितचं हसू गेलं. तो माझ्याकडं पाठ करून खांबाकडं तोंड करून उभा राहिला.

"हो," तो म्हणाला. "हो बाबा. सांगतो त्याला. जपून काप म्हणून सांगतो." थोड्या वेळानं म्हणाला, "मी बाहेरच आहे. दारासमोरच उभा आहे. कुठं जात नाही मी."

फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. पाइप कुठून कापायचा ते."

काही नाही! यांचा एक एक 'हं' मी या घरातून त्या देशात पोचवला. टोप्या पोचवल्या, सर्दी-खोकले पोचवले, न विचारलेले प्रश्न आणि न दिलेली उत्तरं पोचवली. आणि ज्या दिवशी या दोघांनी खरोखर काही बोलायचं म्हटलं, त्या दिवशी मला उत्तर मिळालं, काही नाही. मी चिडले, इतकी चिडले की पुन्हा रडायला लागले.

अखेर दार उघडलं आणि हे आले. समज देऊन सोडलं होतं. स्वेटरवर पाइपाचा पांढरा भुसा, ट्रॉलीवर पाइपाचे दोन तुकडे आणि काखेत काठ्या. एक यांची नेहमीची. दुसरी आखूड, मुठीला विटलेली लाल टेप. माळ्यावरून कधी काढली, पाइपात कधी घातली, मला पत्ता नाही.

"खूण मी करून दिली होती," हे आल्या आल्या म्हणाले. "तरी वाकडा कापला. पण हिला लागू दिलं नाही."

अमितनं ती काठी हातात घेतली. त्याच्या हातात ती आता खेळण्यासारखी दिसत होती. त्यानं चकरी फिरवून बघितली. फिरली.

"टेप तीच आहे," तो म्हणाला.

"नवी लावणार होतो. राहिली." हे जमिनीकडं बघत होते. "तू गेलास त्या दिवशी पण काढून ठेवली होती खाली. तुला द्यायची म्हणून. मग म्हटलं, विमानात कुठं नेतील."

"मी थांबलो होतो, बाबा."

"हं," हे म्हणाले. आणि मग, "धाडस झालं नाही."

अमितनं यांच्या हातातून ट्रॉली घेतली. दोघं शेजारी शेजारी पार्किंगकडं चालायला लागले. माझी बॅग तिथंच राहिली होती. ती मी उचलली.

पुढचे दोन आठवडे मी नदीकाठी गाडीत बसून स्वेटर विणला. तिथल्या माशांनी आमच्या कणकेकडं ढुंकूनही पाहिलं नाही, गोरक्षला हे मी अजून सांगितलेलं नाही. पण लांबून मला दोघांच्या आवाजाची कुजबुज ऐकू यायची, मधूनच हसणं. संध्याकाळी आले की मी विचारायची, काय एवढं बोलत होतात? दोघं एका सुरात म्हणायचे, काही नाही.

आता आम्ही नाशकात आहोत. रविवारी फोन वाजतो आणि सवयीनं मीच उचलते.

"आई, बरी आहेस? हं. बाबांना दे."

मागं हे हात पुढं करून उभेच असतात. फोन यांच्या हातात देताना मला दर वेळी राग येतो, आणि दर वेळी मी तो लगेच देते.